हुकूम पाळायला लावणारा माणूस

आटगावला आमच्या शेजारी राहणारी मनाली कारकुनाच्या परीक्षेची तयारी करत होती. एक दिवस सकाळी ती इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली आणि म्हणाली, "काका, एन्फोर्स म्हणजे मराठीत नेमकं काय हो? तुम्ही तर आख्खा जन्म तेच काम केलंत."

मी ऐटीत सांगायला सुरुवात केली. अंमलबजावणी करणे, बजावणे, लागू करणे, राबवणे, सक्ती करणे, पाळायला लावणे. तिने पुस्तकात बोट घालून सगळे शब्द दाखवले. म्हणाली, "हे आहेत की इथे. कुठला कुठे वापरायचा ते सांगा ना." मी म्हणालो, कायदा लागू करतात, योजना राबवतात, समन्स बजावतात, हेल्मेटची सक्ती करतात. "आणि कोर्टाचा हुकूम?" तिने विचारलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि संध्याकाळी सांगतो म्हणालो. ती परीक्षा देऊन आली, निकालाची वाट बघते आहे, आणि माझी संध्याकाळ अजून झालेली नाही. मधे या अंकाच्या संपादकांनी नोकरीबद्दल लिहा म्हणून गळ घातली. उत्तर माझ्याकडे आजही नाही. गोंधळ मात्र भरपूर आहे, तो लिहितो.

मी दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडे नोकरी झाली. बेलीफ म्हणजे काय हे शहरातल्या लोकांना सांगावं लागतं. न्यायाधीश निकाल देतात, पण त्यांचा निकाल काही आपल्या पायांनी चालत गावात जात नाही. तो पिशवीत घालून नेणारा माणूस म्हणजे बेलीफ. आमचे वरिष्ठ म्हणजे नाझर. ते सकाळी कागदांचा गठ्ठा द्यायचे, आम्ही एसटी पकडायचो. लोकांना वाटतं आमच्या हातात दंडुका असतो. माझ्या हातात छत्री असायची, आणि तिचीही एक काडी मोडलेली.

कागद ज्याच्या नावाचा त्याच्या हातात द्यायचा, सही घ्यायची, मागच्या बाजूला अहवाल लिहायचा. तो घेत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर दारावर डकवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण कोर्टाचा माणूस आला हे गावाला त्याची एसटी थांब्यावर यायच्या आधी कळलेलं असतं. एका घरी बाई मला सांगत होत्या, "ते घरात नायत, कल्याणला गेलेत," आणि त्यांच्या मागे धान्याच्या कणगीआडून दोन पाय दिसत होते. मी म्हणालो, "बाई, कल्याणला जाताना पाय घरी ठेवून गेले का?" पाय हलले, माणूस बाहेर आला आणि उलट मलाच म्हणाला, "लवकर सांगायचं ना, पायाला मुंग्या आल्या माझ्या."

दुसरा एक दुकानदार होता, फार देवभोळा. समन्स दिलं की तो दोन्ही हातांनी घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि देव्हाऱ्यात ठेवून हळद-कुंकू वाहायचा. पण तारखेला कोर्टात कधीच हजर व्हायचा नाही. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा जरा आवाज चढवून विचारलं, तर तो दुखावला. "सायेब, मी कोर्टाचा एवढा मान राखतो, नि तुमी मलाच बोलता?" त्याला खरंच वाटत होतं की हुकूम पाळणं म्हणजे हेच. आपल्याकडे नियमांचं असंच आहे, असं मी तेव्हा ऑफिसात सगळ्यांना हसून सांगायचो. हसण्याची मला तेव्हा फार हौस होती.

माझे पहिले नाझरसाहेब जुन्या वळणाचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बजावून ठेवलं होतं, "हे बघ, बजावणं म्हणजे पोचवणं. तुझं काम कागद पोचला की संपलं. पुढे तो पाळला का, कसा पाळला, त्यात नाक खुपसू नकोस, वेडा होशील." समन्सपुरतं ते ठीक होतं. पण निकालानंतर तो अमलात आणायचा अर्ज, म्हणजे दरखास्त होते, वॉरंट निघतं, घराचा ताबा द्यायचा असतो, अडथळा काढायचा असतो. तिथे नुसता कागद देऊन कसं भागणार? तिथे तर प्रत्यक्ष करायचं असतं. म्हणजे काय करायचं असतं, हे मला तीस वर्षांत धड कळलं नाही.

एकदा पोलिस घेऊन घराचा ताबा द्यायला गेलो. सक्तीची कारवाई. आत एक म्हातारी चुलीपाशी बसलेली. ती म्हणाली, "दूध ठेवलंय रे बाबा, एक उकळी येऊ दे." पोलिस माझ्याकडे बघायला लागले, मी दुधाकडे. दूध फार सावकाश तापतं, हे मला त्या दिवशी कळलं. उकळी आली, तिने ते उतरवलं, आमच्यासमोर नातवाला प्यायला दिलं, भांडं विसळलं आणि मग उठून बाहेर आली. घर रिकामं झालं. हुकुमाप्रमाणे सगळं झालं, तरी मला परतताना वाटत होतं की आमचं तिने ऐकलं की तिचं आम्ही ऐकलं? हवालदार म्हणाला, "कसला विचार करता, चला, भूक लागली."

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती सांगतो. इतका वेळ टाळत होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या बाजूला डोंगराच्या कुशीत ठाकर आदिवासींची एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, माणसं तीच आहेत. तिथे हिराबाई आणि तिचा नवरा बुधा राहतात. बुधाला साखरेचा आजार, आणि त्याच्या पायाला एक जखम झाली होती ती भरत नव्हती. खाली डांबरी सडकेवर सरकारी दवाखाना आहे. तिथे एक दिवसाआड पट्टी बदलून घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. वाडीतून सडकेला उतरणारी पाऊलवाट अर्ध्या तासाची. हिराबाई त्याला खांद्याचा आधार देऊन त्या वाटेने न्यायची.

ती वाट खालच्या गावातल्या रघुनाथभाऊंच्या वरकस, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतून जाते. भाऊंचं घराणं त्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांचं, माणूस काही दुष्ट नव्हे. पण मुंबईच्या कुणाला तरी फार्महाऊससाठी जमीन दाखवायची होती आणि घेणाऱ्याला मधून वाट नको होती. म्हणून भाऊंनी वाटेच्या दोन्ही तोंडांना काट्यांची वई, म्हणजे कुंपण, घातली. वाडीला उरली डोंगराला वळसा घालून जाणारी वाट, दोन तासांची. दुखऱ्या पायाच्या माणसाला घेऊन दोन तास जायचं आणि तेवढंच परत यायचं. हिराबाईने कुणाच्या तरी ओळखीने वकील गाठला, दावा लावला आणि ती जिंकली. वाट पूर्वापार आहे, ती मोकळी ठेवावी, अडथळा काढावा, असा हुकूम झाला. तो घेऊन मी गेलो.

त्या दिवसाचा मला अभिमान होता, म्हणून नीट सांगतो. असं काम पुष्कळदा खालीच उरकतात, चहाच्या टपरीवर पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि वर जाऊन आल्याचं लिहायचं. मी तसं केलं नाही. पोलिसपाटील आणि दोन पंच घेऊन चढून गेलो. भाऊंना बोलावलं, वाडीतल्यांना बोलावलं, हुकूम मोठ्याने वाचला, मराठीत समजावला. वई काढून बाजूला टाकायला लावली. वाटेची रुंदी टेपने मोजली. आता वाटेची हद्द दिसायला चुन्याने खुणा करायच्या, तर चुन्याची पुडी पिशवीत पाण्याच्या बाटलीने भिजून तिचा लगदा झालेला. मग मी दोन्ही तोंडांशी दगडांवर दगड रचले. लांबून दिसावेत म्हणून ऐनाच्या झाडाची हिरवी डहाळी तोडून वरच्या दगडाखाली दाबली. भाऊंकडे बघून दरडावलं, "ही कोर्टाची खूण आहे. हे दगड कुणी हलवायचे नाहीत."

वाडीची माणसं गप्प उभी होती. हिराबाई काहीतरी बोलायला पुढे झाली, तर एका म्हाताऱ्याने तिला हाताने मागे घेतलं. मला वाटलं, केवढा धाक बसलाय. मी अहवालात लिहिलं, वाट मोकळी करून दिली, बजावणी झाली. पंचांच्या सह्या वरच, जागेवर घेतल्या. फाइल बंद झाली. पावसाळा तोंडावर होता, वाट वेळेत मोकळी झाली म्हणून परतताना मी एसटीत कंडक्टरलाही ही हकीकत सांगितली.

पावसाळा गेला. भातकापणी उरकल्यावर शेजारच्या गावात एक समन्स होतं, म्हणून पुन्हा त्या बाजूला गेलो. सहज बघावं म्हणून वाटेच्या तोंडाशी थांबलो, तर वाट नाहीच. कमरेएवढं गवत. माझे दगड मात्र जसेच्या तसे, वाळलेली डहाळीसुद्धा जागेवर. माझं डोकं फिरलं. मी तडक भाऊंच्या ओटीवर गेलो आणि विचारलं, "तुम्ही त्या लोकांना दम दिलात काय?"

भाऊ भात झोडपून नुकतेच आले होते, अंगाला तूस लागलेलं. "मी कशाला दम देऊ? जमीनपण गेली नाय, गिऱ्हाईक कवाच पळाला. वई घातली नाय, दगडाला हात लावला नाय. तेच येत नायत."

"का येत नाहीत?"

"मी विचारलं एकदा. तर बोलले, कोर्टाची खूण हाय." भाऊंनी अंगावरचं तूस झटकलं. "मला कललं व्हतं त्यांचा काय घोळ झालाय तो. पण मी कशाला सांगू? केस मी हरलेलो ना."

मी गवतातून वाट काढत वर चढलो. अर्धा तासच लागला. हिराबाई अंगणात नाचणी पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं, पाणी आणलं. बुधा ओट्यावर बसला होता. त्याच्या बाजूला भिंतीला कुबडी टेकवलेली होती, आणि उजवा पाय घोट्याच्या वर संपत होता.

मी पाणी न पिताच विचारलं, "वाट मोकळी करून दिली होती ना मी? मग?"

हिराबाईला माझा प्रश्नच कळेना. "तुमी खूण ठेवून गेलात ना, सायेब. दगड नि हिरवा डहाला. मग त्या वाटेनं कसं जायाचं?"

मग तिने मला समजावलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. रानात कुणी मोळी बांधून ठेवली, मोहाचं झाड हेरलं, मधाचं पोळं पाहिलं, की तो तिथे दगड ठेवतो आणि वर हिरवी डहाळी. मग ते त्याचं. तो परत येऊन स्वतः दगड उचलेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. उपाशी मेला तरी लावायचा नाही. कुणी सांगायला नको, कुणी राखण बसायला नको. "आमच्यात पोरपन नाय मोडत," ती म्हणाली. "ज्यानं ठेवली, त्यानंच उचलायची."

"पण दावा तुम्ही जिंकला होतात. वाट तुमची झाली होती."

"वकील तसाच बोलला. मग तुमी आलात नि वाट धरून गेलात. आमाला वाटलं, कोर्टाचं काय तरी बाकी आसल. परत येतील, उचलतील." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आमी वाट बघत व्हतो तुमची."

"विचारायला का नाही आलात?"

"मी बोलनार व्हते तवाच. म्हातारा बोलला, आपली केस कोर्टानं राखली, आता कोर्टानं खूण ठेवली तर आपन उलटं बोलायचं नाय."

पावसाळाभर ती त्याला डोंगराच्या वळशाने नेत होती. आधी एक दिवसाआड, मग चिखल वाढला तसं आठवड्यातून एकदा, मग बाजाराच्या दिवशी जमलं तर. जखम काळी पडली. शेवटी ठाण्याकडच्या मोठ्या दवाखान्यात पाय कापला. माझ्या चेहऱ्याकडे बघून हिराबाईच म्हणाली, "डाक्टर बोलला, पाय तसापन गेलाच असता." ते खरं होतं, की मला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, मला माहीत नाही. मी त्या डॉक्टरांना जाऊन विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हे सरळच लिहितो.

माझ्या मनात त्या अंगणात काय आलं तेही लिहितो, लाज वाटते तरी. तीस वर्षं मी हुकूम घेऊन फिरलो. लोकांनी तो कपाळाला लावला, कणगीआड लपून चुकवला, दुधाला उकळी येईपर्यंत थांबवून ठेवला. माझं म्हणणं पोलिसाशिवाय, दंडाशिवाय, आख्ख्या वाडीने अक्षरशः पाळलं ते एकदाच. क्षणभर मला त्याचं कौतुक वाटलं. पाठोपाठ समोरची कुबडी दिसली आणि मला माझाच राग आला. त्यांनी पाळलं ते काय होतं? कोर्टाचा हुकूम तर वाट मोकळी करण्याचा होता. मग त्यांनी हुकूम मोडला म्हणायचं का? आणि तो मोडायला लावला कुणी? मी इतकी वर्षं त्या भागात हिंडलो, त्यांच्या ओट्यांवर पाणी प्यायलो, पण रानातल्या दगडाकडे कधी धड पाहिलं नव्हतं. त्यांना मात्र माझी भाषा यायलाच हवी, असं मी धरून चाललो होतो.

ऑफिसात पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो. नवीन नाझरसाहेबांना मी सगळं सांगितलं, म्हणालो, मला अहवाल दुरुस्त करायचा आहे. माणूस भला, त्यांनी फाइल काढून वाचली. "तुम्ही अडथळा काढलात?" "काढला." "वाट मोजलीत?" "मोजली." "पंच हजर होते?" "होते." "मग यात खोटं काय लिहिलंय? काय दुरुस्त करू?" मी अहवाल पुन्हा वाचला. अहवालात खोटा शब्द एकही नव्हता. मी फाइल परत दिली. त्यानंतर वर्षभराने निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात कुणीतरी म्हणालं की यांनी प्रत्येक हुकूम शेवटपर्यंत नेला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तर त्या दिवशी वाडीत. मी म्हणालो, चला, आत्ताच्या आत्ता खूण उचलतो. हिराबाई निघाली. बुधाही कुबडी घेऊन उठला. नको म्हटलं तरी आला. वाटेच्या वरच्या तोंडाशी पोचायला त्याला बराच वेळ लागला. मी वाकून एकेक दगड उचलला आणि लांब टाकला, वाळकी डहाळी मोडून फेकली. कोयता मागून घेतला आणि समोरचं थोडं गवत कापलं. मग मागे होऊन म्हणालो, "झालं. खालचे दगड उतरताना उचलतो. आता कोर्टाचं काही बाकी नाही. वाट तुमची."

हिराबाई पाच-सात पावलं पुढे गेली. पायाखालची जमीन चाचपून बघत होती. मग मागे वळून नवऱ्याला म्हणाली, "ये रे."

बुधा तोंडाशीच उभा होता. रागाने नव्हे, अगदी साध्या आवाजात त्याने मला विचारलं, "आता माझं खाली काय काम, सायेब? पट्टी कशाला बांधायची?"

गेली होती तेवढी पावलं हिराबाई परत आली, त्याच्या कुबडीच्या बाजूला उभी राहिली, आणि दोघं वाडीकडे वळली. मी पिशवी खांद्याला लावली. मोकळी करून दिलेली ती वाट मी एकट्यानेच उतरलो.